डाव्या हाताची सही

सकाळी साडेसहाच्या सुमारास सर चहा गाळत होते आणि गाळणं त्यांच्या हातातून ओट्यावर पडलं. मी दारातला पेपर उचलून आत येत होते. पाहिलं तर ते गाळण्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण शब्द एकमेकांना चिकटून बाहेर आले. मी गॅस बंद केला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि शेजाऱ्यांची बेल वाजवली. शेजाऱ्यांनी गाडी काढली. त्या वेळी नाशिकमध्ये जेल रोडपासून द्वारका चौकापर्यंत फारशी गर्दी नसते, त्यामुळे वीसेक मिनिटांत दवाखान्यात पोहोचलो. "वेळेत आणलंत," तिथले डॉक्टर म्हणाले. पुढचे अकरा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच वाक्य सांगत होते.

बोलणं चार-पाच दिवसांत बरंचसं पूर्वीसारखं झालं. पाय महिनाभरात चालू लागला, थोडा ओढत, काठीच्या आधाराने, पण चालू लागला. उजवा हात मात्र राहिला.

मी त्यांना इथे सर म्हणते, कारण कॉलनीत सगळेच म्हणतात. समोर मी आपली 'अहो'च म्हणते. ते हायस्कुलात भूमिती शिकवायचे. नोकरीची पहिली काही वर्षं पेठला गेली, नंतरची सगळी नाशिक रोडला. ते फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढायचे, ही त्यांची एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिलेली आहे. खांद्यापासून हात एकदा फिरायचा आणि खडू जिथून निघाला तिथेच येऊन थांबायचा. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की आधी वर्तुळाचं बोलायचे, मग तब्येतीचं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर जे भेटायला आले त्यांनी वर्तुळाचा विषय काढला नाही.

मी टपाल खात्यात होते, सॉर्टिंगला. लाकडी खणांसमोर उभं राहून पत्रं गावागावांप्रमाणे लावायची. पेठ, सुरगाणा, नांदगाव, सटाणा, येवला. काही वर्षांनी असं होतं की पत्त्यावरचं गाव पुरतं वाचून व्हायच्या आत हात त्या खणाकडे गेलेला असतो. आम्हा दोघांचंही पोट असं उजव्या हातावर चाललं, पण त्याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

घरी व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. सटाण्याकडची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, स्कूटीवरून यायची आणि आल्याबरोबर पंखा बंद करायची. सरांना ती दरडावायची आणि सर ते ऐकून घ्यायचे, याचं मला नवल वाटायचं. तिचा नियम असा होता की सकाळचा एक तास उजव्या हाताचा. त्या तासात डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचा, नाहीतर तो मधे येऊन उजव्याचं काम करून टाकतो आणि उजवा कायमचा आळशी होतो. बाकीच्या दिवसात डाव्याला शिकवायचं, कारण जेवण, दात घासणं, शर्टाची बटणं ही कामं उजवा बरा होईपर्यंत थांबत नाहीत.

"रोजची कामं मेंदू न बघता करून टाकतो, सर," ती म्हणाली. "हात बदलला की त्याला बघावं लागतं. नवी वाट पाडावी लागते. म्हणून दमायला होतं. हात नाही दमत, डोकं दमतं."

त्या दिवशी मी तिला सोडायला जिन्यापर्यंत गेले आणि विचारलं, "हे धडधाकट माणसाने केलं तर?"

"कोणी, काकू?"

"कोणीही."

तिने हेल्मेट घालता घालता माझ्याकडे पाहिलं. "नुकसान काही नाही. डोक्याला काम मिळतं. पण त्याने अमुकच होईल असं मी सांगणार नाही."

मला तेवढं पुरेसं होतं. विचारायला कारण होतं, पण ते तोवर मी घरात कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी डाव्या हाताने दात घासायला लागले. ब्रश जागेवर राहतो आणि डोकंच हलतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. मग केस विंचरणं, कुलूप लावणं, दुधाची पिशवी कापणं. पोळी उलटताना दोन बोटं भाजली. विळीवर भाजी चिरायचा प्रयत्न एकदाच केला आणि सोडून दिला. सगळ्यात अवघड गेल्या साडीच्या निऱ्या. चाळीस वर्षं ज्या बोटांनी घातल्या, ती बोटं बाजूला ठेवून दुसऱ्या हाताने घालायला गेले तर निऱ्या उलट्या तोंडाच्या पडल्या. आरशात बघितल्यावर माझ्याच उंचीची दुसरी कोणी बाई साडी नेसून उभी आहे असं वाटलं. त्या सोडून पुन्हा उजव्याने घातल्या. देवाला नैवेद्य दाखवणं, कोणाला हळदीकुंकू लावणं, पानात वाढणं ही कामं मी डाव्या हाताकडे दिली नाहीत. ते मला जमलं नसतं.

लिहायला सुरुवात केली ती दुपारी, सर झोपलेले असताना. त्यासाठी दुरेघी वही आणली. दुकानदाराने विचारलं, "नातवाला का?" मी हो म्हटलं. नातू आहे, पण तो पुण्यात असतो आणि इंग्रजीत लिहितो.

साधारण तीन आठवडे हे असं चाललं. एका दुपारी सर लवकर उठले. काठीचा आवाज मला आला नाही, कारण मी 'ज्ञ'च्या शेपटीशी झगडत होते. ते जेवणाच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"काय चाललंय?"

"काही नाही. लिहितेय."

"डाव्या हाताने?"

मी पेन खाली ठेवलं.

"माझी नक्कल करतेस?"

"नाही हो."

"मग काय, सोबत? मला वाईट वाटू नये म्हणून? सकाळी ब्रशसुद्धा तसाच धरतेस. मी पाहिलंय." काठी खुर्चीला टेकवून त्यांनी डाव्या हाताने वही ओढली आणि फेकली. ती फ्रिजपाशी जाऊन पडली. "माझा नाइलाज आहे. तुला काय झालंय?"

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी घरात वस्तू फेकलेली मला आठवत नाही. वही फेकणं तर त्यांना स्वतःलाही चमत्कारिक वाटलं असणार, कारण फेकल्यावर ते तिच्याकडेच बघत राहिले.

मी म्हटलं, "मला बिटको चौकात आपल्या स्टॉपचं नाव आठवलं नाही."

ते खाली बसले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. दिवाळीनंतर, त्यांच्या झटक्याच्या तीनेक महिने आधी, मी बाजारातून मेथी आणि पेरू घेऊन बिटको चौकात आले. शेअर रिक्षात बसले. रिक्षावाल्याने मागे न बघता विचारलं, "मावशी, कुठे उतरणार?" आणि मला सांगता येईना. रस्ता दिसत होता, आमची इमारत डोळ्यांसमोर होती, खालच्या दुकानाचा निळा बोर्डसुद्धा आठवत होता. फक्त स्टॉपचं नाव नव्हतं. मी म्हटलं, "सरळ." रिक्षा सरळ गेली. आमचा स्टॉप आला तो मी ओळखला, पण 'थांबवा' म्हणायला उशीर झाला आणि पुढच्या वळणावर उतरून मागे चालत आले. दारात पोहोचले तेव्हा नाव आपोआप तोंडात आलं. कुलूप उघडताना मी ते दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

जिल्ह्यातली कुठली वाडी कुठल्या खणात पडते हे मला एके काळी झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. म्हणून ती गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

सरांनी वर्गात विचारत असतील तसं विचारलं, "किती वेळ आठवलं नाही?"

"दहा-बारा मिनिटं."

"आणखी कधी?"

"दोनदा गॅस चालू राहिला. एकदा समोरच्या वहिनींचं नाव. एकदा डाळीत मीठ दोनदा घातलं, ती तुम्ही मुकाट्याने खाल्लीत."

"मला वाटलं तुझा हात चुकला. डॉक्टर?"

"एकटी जाऊन आले. रक्त तपासलं. एक व्हिटॅमिन कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. काही प्रश्न विचारले. घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. म्हणाले, वयाचं असू शकतं, लक्ष ठेवू."

"घड्याळ नीट काढलंस?"

"काटे बरोबर होते. वर्तुळ वाकडं आलं."

तेव्हा त्यांचं तोंड अजून एका बाजूने थोडं उतरलेलं होतं, त्यामुळे ते हसले की नाही हे मला सांगता येणार नाही. मग त्यांनी काठीने वही जवळ ओढली, वाकून डाव्या हाताने उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. सरळ ठेवली नाही. तिचं वरचं टोक उजवीकडे कलतं केलं.

"डाव्याने लिहायचं तर वही अशी हवी," ते म्हणाले. "आणि मनगट नको वळवूस. कोपरापासून हलव."

त्या दिवसापासून चार ते पाच आमचा वर्ग सुरू झाला. मी विद्यार्थिनी, ते शिक्षक, आणि अडचण अशी की शिक्षकाचं अक्षर विद्यार्थिनीपेक्षा वाईट होतं. माझे दोन्ही हात धड होते, त्यांच्या डाव्यालासुद्धा अजून अंगाचा तोल सांभाळायचं जास्तीचं काम होतं. ते मला शुद्धलेखन घालायचे आणि स्वतःही त्याच ओळी लिहायचे. माझ्या वहीवर लाल पेनने खुणा करायचे, स्वतःची पानं फाडायचे. फाडताना कागद धरायला दुसरा हात नसल्याने ती अर्धवट फाटायची, मग उरलेलं मला फाडावं लागायचं.

डाव्या हाताने देवनागरी लिहायची तर शिरोरेघ अडचण करते. डावीकडून उजवीकडे ओढायला गेलं की पेन ओढलं जात नाही, ढकललं जातं, आणि बॉलपेनचं टोक कागदात रुततं. सरांनी दोन दिवस विचार करून सांगितलं की शिरोरेघ उजवीकडून डावीकडे काढायची. पाचवीच्या मुलाने असं केलं असतं तर त्यांनीच त्याला उभं केलं असतं. आम्हाला ते सोयीचं पडलं. माझा 'र' मात्र त्यांना अजूनही पसंत नाही.

एकदा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान काढून घेतलं आणि उभं राहून डाव्या हाताने वर्तुळ काढलं. काढून झाल्यावर दोघांनी पाहिलं.

"बटाटा," ते म्हणाले.

"बटाटा," मी म्हटलं.

नंतर महिनाभर त्यांनी तो प्रयत्न केला नाही.

मे महिन्यात नांदगावला सरांच्या पुतणीचं लग्न होतं. जायचं नाही असं त्यांनी आधी ठरवलं होतं. मग भावाचा फोन आला आणि जावं लागलं. निघण्यापूर्वी ते घरीच पोटभर जेवले, त्यावरून त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं. तिथे जेवायला लांब टेबलं मांडली होती आणि समोरासमोर पंगत. भावाने हाताला धरून त्यांना बसवलंच. मी समोर बसले. पानं वाढून झाली, सगळे जेवू लागले, सर मात्र ताटाकडे बघत बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. डावा टेबलाखाली.

इतक्या माणसांत डाव्या हाताने जेवणं म्हणजे काय हे मला लग्नानंतर काही दिवस नांदगावात सासरी राहून माहीत आहे. लहानपणी त्यांच्या घरात एका मुलीला त्यावरून ताटावरून उठवलेलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलेलं. मी फार विचार केला असता तर केलं नसतं. मी डाव्या हाताने वरणभात कालवला आणि घास घेतला.

सरांच्या चुलत आत्या माझ्या शेजारी होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कान तिखट, नजर त्याहून. "अगं ए सुनबाई," त्या म्हणाल्या, "त्याचं ठीक हाय, त्याचा हात गेला. तुला काय झालं?"

मी उत्तर द्यायच्या आत सर समोरून बोलले. "तिला डॉक्टरांनी सांगितलंय, आत्या."

"काय सांगितलं?"

"मेंदूचा व्यायाम आहे."

आत्यांनी दोघांकडे पाहिलं. "लय शिकल्याली माणसं तुम्ही," त्या म्हणाल्या. "जेवतानी बी व्यायाम." आणि त्यांनी वाढप्याला हाक मारून सरांच्या पानात आणखी एक लाडू वाढायला लावला. तोवर सरांनी जेवायला सुरुवात केली होती. परतीच्या गाडीत ते इतकंच म्हणाले की तुझा अर्धा वरणभात पदरावर होता.

नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जावं लागतं. यादीत आपल्या नावासमोर सही करायची, एवढंच काम. सर त्यासाठी तयारी करून गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी यादी पुढे केली, सरांनी डाव्या हाताने सही केली. त्याला बराच वेळ लागला. मागे रांग होती, पण कोणी काही बोललं नाही. बाईंनी सही पाहिली, कॉम्प्युटरवरची जुनी सही पाहिली आणि त्यांचा चेहरा अवघडला.

"सर, जुळत नाही."

"हात बदललाय," सर म्हणाले.

"हो, दिसतंय मला. काही हरकत नाही, अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतील, त्यातली एक सही मीच करते." त्यांनी शाईचं पॅड उघडून पुढे सरकवलं.

सरांनी डावा हात खिशात घातला. "अंगठा नाही लावणार."

"सर, नियमातच आहे. यात कमीपणा काही नाही."

"तुम्हाला नसेल."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी पॅड मिटलं आणि दुसरा मार्ग सांगितला. डॉक्टरांचं पत्र आणा, नवीन सही नोंदवून घेऊ. पण त्यासाठी कार्डावर तीन सह्या करायच्या आणि त्या तिन्ही एकमेकींशी जुळायला हव्यात. त्यांनी सहज म्हणून एका कोऱ्या कागदावर करून बघायला सांगितलं. सरांनी तीन केल्या. बाईंनी कागद फिरवून पाहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तीन वेगळ्या माणसांच्या वाटतात हो. घाई नाही. सराव करून या."

घरी आल्यावर पुण्याला लेकीशी फोन झाला. ती म्हणाली, "बाबा, हल्ली मोबाईलवर चेहरा दाखवला तरी हयातीचा दाखला होतो." तिने फोनवरून एकेक पायरी सांगितली, मी मोबाईल धरला, सरांनी तिने सांगितल्यावर डोळे मिचकावले आणि पाच मिनिटांत काम झालं. पेन्शनचा प्रश्न तिथेच मिटला. लेक म्हणाली, "बघा, उगाच बँकेत हेलपाटे."

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "चेहरा काय, मेल्यावरही दाखवता येतो."

"डोळे मिचकावावे लागतात ना पण," मी म्हटलं.

संध्याकाळी वर्गाच्या वेळी त्यांनी मला पेठची एक गोष्ट सांगितली. ती मी इतक्या वर्षांत ऐकलेली नव्हती. तिथे असताना शाळा सुटल्यावर ते ओसरीवर मोठ्या माणसांना लिहायला शिकवायचे. शेतावरून परस्पर येणारी माणसं. सगळ्यांचा हेतू एकच, सही करता यावी. बहुतेकांना जमलं. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना काही केल्या जमेना. पाटीवर ते एकच अक्षर महिनाभर काढत होते आणि रोज ते वेगळं यायचं. एक दिवस सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "राहू द्या. अंगठ्याला नुसती शाई लागते, डोकं लागत नाही." लोक हसले. म्हातारेही हसले. पाटी पुसून त्यांनी जागेवर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

"मी तेव्हा पंचवीसचा होतो," सर म्हणाले.

"त्यांना भेटलात नंतर?"

"बाजारात भेटायचे. रामराम करायचे. मी त्यांच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही."

पुढचे पाच-सहा आठवडे वर्गात शुद्धलेखन बंद झालं, फक्त सही. मी समोर बसून माझं लिहायचे आणि ते त्यांची जुनी सही डाव्या हाताने काढायचा प्रयत्न करायचे. ती सही मोठी झोकदार होती. शेवटच्या अक्षरातून एक रेघ मागे फिरून सगळ्या नावाखालून जायची. कधी ती रेघ थरथरायची, कधी आधीच संपायची. एखादी सही छान जमायची, आणि ती जमली म्हणून पुढची बिघडायची.

एक दिवस मी त्यांना माझं मत सांगितलं. सॉर्टिंगला आम्हाला सुंदर अक्षराचा काही उपयोग नसायचा. काही माणसं पत्ता फार वाईट लिहायची, पण दर वेळी तसंच वाईट लिहायची. त्यांची पत्रं आमच्या हातून कधी चुकीच्या खणात गेली नाहीत. "तुम्ही उजव्या हाताची सही डाव्याकडून मागताय," मी म्हटलं. "त्याला त्याची स्वतःची द्या. साधी. रोज येईल अशी."

त्यांना ते आवडलं नाही. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. पानभर सह्या होत्या. नावाचं पहिलं अक्षर, मग आडनाव, सुटं सुटं, शिरोरेघ नसलेलं. खालची रेघ काढून टाकलेली. एखाद्या चौथीतल्या मुलाने केल्यासारखी सही होती, पण वरपासून खालपर्यंत एकच होती. मी पट्टी घेऊन आडनावाची लांबी तीन-चार ठिकाणी मोजली. फारसा फरक नव्हता.

"चालेल?" त्यांनी विचारलं. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या अक्षराबद्दल मला पहिल्यांदाच विचारलं.

"चालेल," मी म्हटलं.

डॉक्टरांचं पत्र घेऊन आम्ही पुन्हा बँकेत गेलो. त्याच बाई होत्या. त्यांनी कार्ड काढलं, सरांनी खुर्ची ओढून घेतली, कार्ड कलतं ठेवलं आणि तीन सह्या केल्या. बाईंनी सह्या साहेबांना दाखवल्या. साहेबांनी चष्मा वर करून, कार्ड डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि शिक्का मारला. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "उसाचा रस घेऊ." डिसेंबरात थंड रस त्यांना चालत नाही, पण मी नको म्हटलं नाही.

याला आता वर्ष होईल. उजवा हात थोडा सुधारला आहे. ग्लास धरता येतो, अर्धा भरलेला. बटणं लावताना तो कापड ताणून धरतो. व्यायामाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती सुरतेला गेली. शेवटच्या दिवशी पेढे घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं की माझ्या डाव्या हाताचा माझ्या डोक्याला खरंच काही उपयोग झाला का. तिने एकदा सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काकू, मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

मलाही सांगता आलं नाही. डॉक्टरांनी मधे पुन्हा ते सगळे प्रश्न विचारले, पुन्हा घड्याळ काढायला लावलं आणि म्हणाले, "आहे तसंच आहे, वाढलेलं नाही." ते गोळ्यांमुळे, हातामुळे, की मुळात फारसं काही नव्हतंच म्हणून, हे त्यांनाही माहीत नाही. मी अजून विसरते. गेल्या आठवड्यात 'उलथणं' हा शब्द दिवसभर सापडला नाही, तो संध्याकाळी सरांनी सांगितला. पूर्वी मी असं काही झालं की लपवायचे. आता विचारते.

आजारपणात सरांची दाढी करायला न्हावी घरी यायचा. गेल्या महिन्यापासून त्यांनी त्याला नको म्हणून सांगितलं. आता ते स्वतःच करतात, डाव्या हाताने. उजव्या गालाखाली वस्तरा नीट पोहोचत नाही आणि तिथे रोज थोडंसं कापतं. मी तुरटी आरशाखाली ठेवली आहे. ती तशीच कोरडी असते. त्यांना दाढीला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी बाथरूमचं दार वाजवत नाही.